खेडीच्या यादीतलं एक नाव

हेमाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी नोएडात आमच्या सेक्टरच्या मार्केटमध्ये चक्कीवर उभा होतो. चक्कीच्या आवाजात पुण्याहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला. "काका, काकू आज सकाळी गेली," तो म्हणाला आणि थोड्या वेळाने, "त्रास नाही झाला." मी "बरं" म्हणालो. चक्कीवाल्याने गरम पिठाचा डबा हातात दिला आणि मी तो छातीशी धरून घरी चालत आलो... तीन महिन्यांपूर्वी उपचारासाठी पुण्याला जाताना हेमाताईंनी आपल्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडे ठेवली होती. कुंड्यांना पाणी घाल आणि खेडी गावात महिन्याचं वाचन होतंय ना ते विचारत जा, एवढ्या दोनच सूचना होत्या. कुंड्या मी सुकवल्या, ते कबूल करतो. वाचनाची चौकशी मात्र न चुकता करत राहिलो. हे वाचन काय होतं ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे.

हेमलता वसंत देवस्थळी या केंद्र सरकारच्या संगणकाच्या कामात माझ्या पहिल्या वरिष्ठ. मी नगरचा, ख्रिस्ती घरातला, नव्वदीच्या सुरुवातीला प्रोग्रॅमर म्हणून दिल्लीत आलो तेव्हा हिंदी बोलताना माझी त्रेधा उडायची. पहिल्याच आठवड्यात त्या मला दिल्लीतल्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात जेवायला घेऊन गेल्या. आमटीचा पहिला घास घेताना माझे डोळे भरून आले, ते त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, "गायकवाड, घरची आठवण आली की इथे यायचं. पण महिन्यातून एकदाच. रोज आलास तर दिल्लीत कधीच रुळणार नाहीस." पुढे त्यांचे यजमान अकाली गेले, मूलबाळ नव्हतं, आणि नोएडात त्यांच्या फ्लॅटपासून तीन गल्ल्या सोडून मीही घर घेतलं. तेव्हापासून भाऊबीजेला त्या मला ओवाळायच्या आणि नाताळात माझ्या घरचा केक त्यांच्याकडे जायचा. ऑफिसातल्या मॅडमच्या हेमाताई कधी झाल्या ते नक्की सांगता येणार नाही.

ते दिवस मोठे विचित्र होते. यमुनेपलीकडे शेतांना नंबर देऊन सेक्टर उभे राहत होते, काचेच्या इमारती चढत होत्या, आणि आमच्या ऑफिसातली हुशार माणसं एकेक करून तिकडे खाजगी कंपन्यांत निघाली होती. मलाही बोलावणं आलं. मी ते हेमाताईंना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला जीपमध्ये बसवून पानिपतच्या पुढे एका ब्लॉक ऑफिसात घेऊन गेल्या. ब्लॉक ऑफिस म्हणजे आपल्याकडची पंचायत समिती. तिथे एका खोलीत लाल कापडात बांधलेली गावोगावची कुटुंबनोंदवही होती. कोणत्या घरात कोण जन्मलं, कोण लग्न होऊन आलं, कोण गेलं, सगळं त्यात. वाळवीने पानांना भोकं पाडली होती. हेमाताईंनी एक पान उजेडाकडे धरलं आणि मला म्हणाल्या, "बघ, इथे कोणीतरी होतं." बस, एवढंच. मी त्या काचेच्या इमारतीत गेलो नाही. अजूनही कधीकधी वाटतं, गेलो असतो तर मोठ्या गाडीतून फिरलो असतो, पण ते पान डोळ्यांपुढून हटत नाही, त्याला काय करणार.

मग पुढची पंधराएक वर्षं आम्ही त्या वह्या संगणकात भरत होतो. ब्लॉक ऑफिसातल्या त्या एकुलत्या एका संगणकाला प्लॅस्टिकचं आवरण असायचं आणि हार घातलेला असायचा. त्याच्यासाठी बसवलेल्या एसीखाली दुपारी सगळं ऑफिस झोपायचं. वीज जायची, यायची तेव्हा असा दाब घेऊन यायची की एकदा यंत्रच जळून गेलं. मी डोक्याला हात लावून बसलो. हेमाताईंनी शांतपणे पर्समधून रुमालात गुंडाळलेल्या फ्लॉप्या काढल्या. दर शुक्रवारी त्या सगळ्या नोंदींची नक्कल स्वतःच्या पर्समधून नोएडाला घरी नेत होत्या आणि डाळी-तांदळाच्या डब्यांमागे ठेवत होत्या. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, आज आपलं पानिपतच व्हायचं होतं. त्या म्हणाल्या, "पानिपतात राहून पानिपत होऊ द्यायचं नाही, एवढंच आपलं काम."

म्हणूनच क्लाउड आला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला. एका खोलीतल्या एका यंत्रावर गावाचं नशीब टांगलेलं नको, नोंदी दूरच्या मोठ्या यंत्रांवर अनेक ठिकाणी राहाव्यात आणि खेड्यातल्या पंचायतीने आपल्या दारातून त्या उघडाव्यात, हे त्या डब्यांमागच्या फ्लॉप्यांपासून मागत आल्या होत्या. ढगांवरचे विनोद त्यांना मुळीच आवडायचे नाहीत. बैठकीत कोणी तसा विनोद केला की त्या चष्मा काढून पुसत बसायच्या, माणूस गप्प होईपर्यंत. निवृत्तीला सहा महिने राहिले असताना त्या ब्लॉकची सगळी गावं क्लाउडवर गेली. आम्ही ऑफिसात पेढे वाटले. मी तर गावभर मिरवायचाच बाकी होतो, कारण वेगवेगळ्या काळात भरलेल्या नोंदी एकत्र करताना दुबार नावं गाळणारा प्रोग्रॅम माझा होता.

आणि तिथेच आमचं चुकलं होतं. चूक वीस वर्षं जुनी होती आणि ती फक्त मराठी माणसाच्या हातूनच झाली असती. नोंदीचा पहिला फॉर्म हेमाताईंनी आखला होता. त्यात नावासाठी तीन खण होते: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. तिन्ही भरल्याशिवाय नोंद पुढे सरकायची नाही. हेमलता वसंत देवस्थळी. सुहास जॉन गायकवाड. आमची नावं त्यात कशी चपखल बसत होती! माणसाचं नाव असंच असतं याबद्दल आम्हा दोघांनाही कधी शंकाच आली नाही. तिकडच्या गावांत मात्र पुष्कळांना आडनाव लावायची पद्धत नव्हती आणि बायकांची नावं तर वहीत नव्हतीच. वही लिहिणाऱ्याला घरच्या पुरुषांनी सांगितलेलं असायचं, धरमसिंहची घरवाली. संगणकात भरणारी माणसं तरी काय करणार? पहिला खण रिकामा सोडता येत नाही म्हणून त्यांनी तिथे 'देवी' घातलं, दुसऱ्यात नवऱ्याचं नाव, तिसऱ्यात गावाचं. एका गावात धरमसिंह पाच होते. पाच देवी, पाच धरमसिंह, एकच गाव. माझ्या हुशार प्रोग्रॅमने तिन्ही खण जुळलेले पाहिले, एक ठेवली आणि चार गाळल्या. वय मी तपासलं नव्हतं, कारण वयं सगळी अंदाजाने लिहिलेली. गाळलेल्यांपुढे यंत्राने आपोआप लिहिलं, नोंद रद्द.

त्या गावाला इथे खेडी म्हणू या. तिकडे दर चौथ्या गावाच्या नावात खेडी असतेच. खेडीची रामरती नावाची म्हातारी, त्या पाचांतल्या एका धरमसिंहची घरवाली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रहिवासाचा दाखला मागायला पंचायतीत गेली, तर ग्रामसचिव म्हणाला, माताजी, मशीनमध्ये तुम्ही नाहीत. तिने विचारलं, मग ही उभी कोण आहे?  ती सुनेला घेऊन ब्लॉक ऑफिसात आली आणि योगायोगाने त्या दिवशी आम्ही दोघं तिथेच होतो. हेमाताईंनी तिला खुर्ची दिली, स्वतः समोरच्या बाकावर बसल्या आणि तासभर मशीनमध्ये शोधत राहिल्या. सापडलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यांना सगळं एका क्षणात कळलं होतं, तीन खणांपासून माझ्या प्रोग्रॅमपर्यंत. म्हातारीने डोळे बारीक करून विचारलं,

"बेटी, मेरा नाम किसने काट्या?"

मी तिथेच उभा होतो. बोट दाखवायला सगळ्यांत जवळचा माणूस मीच होतो.

"मैंने," हेमाताई म्हणाल्या.

 परतताना मी क्षमा मागायला सुरुवात केली तर म्हणाल्या, "तू गाळलंस ते नाव नव्हतंच रे. तिचं नाव आपण कधी लिहिलंच नव्हतं." वरच्या साहेबांनी सोपा उपाय सुचवला, जुनी नक्कल परत चढवा, गाळलेल्या सगळ्या नोंदी जिवंत होतील, गाजावाजा नको. हेमाताईंनी नक्कल चढवली, रामरतीला दाखला मिळाला, ऑपरेशनही झालं. पण चुकीचा लेखी कबुलीजबाबही दिला, स्वतःच्या नावावर, एकटीच्या. आणि साहेबांना सांगितलं की परत आल्या आहेत त्या पाच देवी आहेत, पाच बायका अजून आलेल्या नाहीत. निवृत्तीच्या तोंडावर फाइलीत कसला हा डाग, असं सगळे हळहळले. मीही हळहळलो, आणि खोटं कशाला बोलू, मनातून सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटकेची लाज मला आजही वाटते.

निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, पुण्यात फ्लॅट बघतात. हेमाताईंनी पानिपतच्या बाजारातून एक मोठी निळी-पांढरी सतरंजी विकत घेतली. चौपालावर, म्हणजे गावच्या चावडीवर, पुरुषांसमोर बायका बसायच्या नाहीत, म्हणून खेडीच्या शाळेच्या व्हरांड्यात, दुपारी भांडी आवरून झाल्यावरच्या वेळी, ती सतरंजी अंथरून त्या बसायच्या. हातात छापलेली यादी. आधी कोणी आलं नाही. मग रामरती आली, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मग तिची सून सुनीता, आणि तिच्यामागून इतर. मी रजेच्या दिवशी गाडी चालवत जायचो आणि पुरुष म्हणून व्हरांड्याबाहेर कडुनिंबाखाली बसायचो, तरी मला बरंचसं ऐकू यायचं. हेमाताई प्रत्येकीला एकच विचारायच्या, "नाम बताओ. जो माँ ने रखा था, वो."

या प्रश्नाने काय व्हायचं ते मी कसं सांगू... त्या गावात सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात, नाहीतर अमक्याची आई म्हणतात. कितीतरी जणींच्या तोंडून स्वतःचं नाव निघून वर्षं लोटलेली. कोणी पदराआड हसायची, कोणी शेजारणीकडे बघायची. एक फार म्हातारी बाई हळूच म्हणाली, "भरपाई." आणि पुन्हा एकदा, थोडं मोठ्याने, आपणच ऐकावं म्हणून म्हटल्यासारखं. मुली आता पुरे झाल्या, म्हणून तिकडे मुलीला हे नाव ठेवतात. हेमाताईंनी ते लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. त्या दुपारी झाडाखाली बसून मला माझ्या बाईंचं जे रूप दिसलं, ते पंचवीस वर्षं एका खोलीत काम करून दिसलं नव्हतं. हात जोडावेत असं वाटलं. मी जोडले नाहीत, आमच्यात तसलं नाटक चालायचं नाही. खेडी झालं, मग शेजारचं गाव, मग त्यापुढचं. गुडघे दुखायला लागले तरी त्या जातच राहिल्या, आणि त्या ब्लॉकच्या जवळजवळ सगळ्या गावांत ती सतरंजी अंथरून झाली.

मी अजून नोकरीत होतो, तेव्हा फॉर्म दुरुस्त करणं माझ्याकडे आलं. तीन खण काढून एकच मोठा खण केला आणि त्यावर सूचना घातली: माणूस सांगेल तसं नाव. दुसरी गोष्ट हेमाताईंनी हट्टाने करून घेतली. यादीतून कोणाचंही नाव काढायचं असेल तर यंत्राने परस्पर काढायचं नाही. महिन्यातून एकदा काढायची नावं गावात मोठ्याने वाचायची आणि घरच्या माणसाने 'हाँ' म्हटलं तरच नोंद बंद करायची. कोणी हाँ म्हटलं नाही तर नाव तसंच राहील, पुढच्या महिन्यात पुन्हा वाचलं जाईल. ऑफिसात यावर पुष्कळ थट्टा झाली. इतकं पुढचं तंत्रज्ञान आणि शेवटी दवंडी, असं म्हणाले. पण मी तो नियम प्रोग्रॅममध्ये घातला, इतका खोलवर की नंतर आलेल्या पोरांना तो काढता आला नाही. बहुतेक गावांत आता वाचन न करताच बटण दाबतात, हे मला ठाऊक आहे. खेडीत मात्र वाचतात. तिथे पंचायतीचा संगणक आता रामरतीची सून सुनीता बघते.

नवा फॉर्म तपासायला एक खोटी नोंद भरून बघावी लागते. ती हेमाताईंनी स्वतः खेडीच्या यादीत भरली. एका बोटाने टाइप केलं, कुमुद. एवढंच, मागेपुढे काही नाही. नोंद एका खणात बसली, पुढे सरकली, आणि त्या कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, सुचलं ते नाव घातलं असेल. तपासणी झाल्यावर मी ती नोंद पुसायला निघालो, तर म्हणाल्या, "राहू दे रे. ती कोणाच्या अध्यातमध्यात नाही." नियमाला धरून नव्हतं ते, मी कुरकुर केली, नोंदीपुढे 'चाचणी' असा शेरा घातला आणि विसरून गेलो.

त्या गेल्यानंतर दहाएक दिवसांनी मी त्यांचा फ्लॅट उघडला. पलंगाखाली ती सतरंजी सुतळीने बांधून ठेवली होती, मधली निळी पट्टी बसून बसून पांढरी झालेली. ती खेडीलाच असायला हवी असं वाटून गाडीत टाकली आणि वाचनाच्या दिवशी तिकडे गेलो. हेमाताई गेल्याचं मी सुनीताला फोनवर कळवलं होतं. तिने ती व्हरांड्यात अंथरली. बायका बसल्या, आणि या वेळी त्यांनी मलाही झाडाखालून वर बोलावून कडेला बसवलं. सुनीता वाचू लागली. एका म्हाताऱ्याचं नाव आलं, त्याच्या मुलीने हाँ म्हटलं, नोंद बंद झाली. मग सुनीता थांबली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि वाचलं,

"कुमुद."

मला काही कळेना. मी सांगायला तोंड उघडलं की ती चाचणीची नोंद आहे, खरी नाही. शेजारी बसलेल्या रामरतीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"दीदी का नाम है," ती म्हणाली. "जो माँ ने रखा था।"

मग तिने हळूहळू सांगितलं. पहिल्याच वर्षी बायकांनी हेमाताईंना धरलं होतं, सगळ्यांचं विचारतेस, तुझं सांग. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की आमच्यात लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यावर नवीन नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून जुन्या नावाने कोणी हाक मारत नाही. त्यांचं जुनं नाव कुमुद. खेडीच्या बायका इतकी वर्षं त्यांना कुमुद दीदीच म्हणत होत्या, व्हरांड्याच्या आतल्या आत. मी वीस पावलांवर बसून ते कधी ऐकलं नव्हतं. हेमलता वसंत देवस्थळी. ते तीन खण आखताना त्यांच्या स्वतःच्या पहिल्या खणात कोणाचं नाव होतं, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही. तो त्यांच्या डोक्यात केव्हा आला असेल? त्या दिवशी रामरतीसमोर बाकावर बसल्या होत्या तेव्हा, की पहिल्यापासूनच? आता विचारायला कोणी नाही...

सुनीता नियमाप्रमाणे पुन्हा म्हणाली, "कुमुद. घर का कोई है?" सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. बरोबरच होतं. भाऊबीजेचा भाऊ मी, त्या गावात त्यांच्या घरचा म्हणावा असा दुसरा कोण होता? मी एक शब्द बोललो असतो तर नोंद बंद झाली असती. नियम त्यांचा होता, प्रोग्रॅम माझा होता, आणि माणूस खरोखरच गेलेला होता. आयुष्यभर खऱ्या नोंदींसाठी भांडलेल्या बाईंसाठी तरी मी हाँ म्हणायला हवं होतं. मी सतरंजीच्या त्या पांढऱ्या पडलेल्या पट्टीकडे बघत बसलो. रामरती बोलली नाही. कोणीच बोललं नाही.

"अगले महीने फिर पढ़ेंगे," सुनीता म्हणाली आणि पान उलटलं.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेलो होतो. त्याच व्हरांड्यात, त्याच सतरंजीवर, तेच नाव पुन्हा वाचलं गेलं. कोणी हाँ म्हटलं नाही.